चार्जिंगला लावताय? जरा थांबा!

दुबईहून आलेलं चकचकीत व्हेप असो, नाहीतर दाढीचा ट्रिमर; आतली बॅटरी एकाच जातीची. आणि नागपूरचा मे महिना तिला अजिबात मानवत नाही.

रात्रीचे साडेअकरा. मनीषनगरातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये कूलर घरघरतोय, खिडकीतून येणारी हवा अजूनही तव्यावरून आल्यासारखी. आणि माझी रूममेट माझ्या दारात उभी. हातात एक गुलाबी-निळं, हायलायटर पेनएवढं काहीतरी.

‘यार, हे चार्जच होऊन नाही राहिलं. तुझा चार्जर दे ना.’

ते होतं व्हेप. म्हणजे ई-सिगरेट. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत शिफ्ट करणारी ही माझी मैत्रीण गेलं वर्षभर सिगरेट सोडायच्या प्रयत्नात आहे. मावसभावाने दुबईहून येताना ‘हे ओढ, सिगरेट सुटेल’ म्हणून तिच्या हातात हे खेळणं ठेवलं. (सिगरेट सुटली का? नाही. आता दोन्ही चालू आहेत!) बॉक्सवर ‘डिस्पोजेबल’ लिहिलंय, आणि खाली चक्क टाइप-सी चार्जिंगचं पोर्ट. फेकायचंच आहे तर चार्ज कशाला करायचं, हा माझा पहिला भाबडा प्रश्न.

त्याचं उत्तर सोपं आहे. या यंत्रात वासाचं आणि निकोटीनचं द्रव भरपूर भरलेलं असतं, आणि बॅटरी मात्र चिमुकली. द्रव संपायच्या आधीच बॅटरी मान टाकते. म्हणून चार्ज करायचं, द्रव संपलं की अख्खं यंत्र बॅटरीसकट फेकायचं. आपल्या मोबाइलमध्ये पाच हजार एमएएचची बॅटरी असते, यात साधारण पाचशेच्या आसपास. पण जात तीच, लिथियम-आयन.

केबलचा घोळ

चार्ज का होत नव्हतं? तर मॅडमनी लॅपटॉपच्या चार्जरची केबल लावली होती, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली. टाइप-सी चार्जर शिष्ट असतो. तो आधी चौकशी करतो, ‘पलीकडे कोण आहे?’ समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन इवलेसे रेझिस्टर असले तर ओळख पटते आणि मग व्होल्टेज सुटतं. स्वस्तातलं यंत्र बनवणारे हे दोन रेझिस्टर वाचवतात. ओळख पटत नाही, दिवा लागत नाही, आणि आपल्याला वाटतं वस्तू बिघडली. जुन्या चपट्या यूएसबीचं टोक असलेली केबल लावली की लगेच चार्जिंग सुरू, कारण जुना यूएसबी बिचारा काही न विचारताच पाच व्होल्ट देतो. तुमचा एखादा स्वस्त ट्रिमर किंवा टॉर्च नव्या चार्जरवर रुसत असेल, तर कारण बहुधा हेच.

पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ज्याने काही पैशांचे रेझिस्टर गाळले, त्याने आत आणखी काय काय गाळलं असेल? चांगल्या मोबाइलमध्ये बॅटरीचं तापमान मोजणारा सेन्सर असतो, जास्त तापलं की चार्जिंग थांबतं. या पेनमध्ये तसं काही असेलच याची गॅरंटी कोण देणार?

आणि इथे कायदा मध्ये येतो. भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेशाने ई-सिगरेटवर बंदी आली, डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा करून ठेवला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. मावसभावाने प्रेमाने बॅगेतून आणलेला एक नगसुद्धा आयातच. दुबईत २०१९ पासून ती दुकानात उघड मिळते, म्हणून अनेकांना वाटतं चालत असेल. नाही चालत. गंमत बघा, या अध्यादेशानंतर तीनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर २०१९ ला, लिथियम-आयन बॅटरी घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं.

बंदीचा बॅटरीशी काय संबंध? आहे ना. भारतात विकायच्या पॉवर बँकेला, चार्जरला, लिथियम सेलला बीआयएसची नोंदणी लागते; वस्तूवर ‘आर’ने सुरू होणारा नंबर छापलेला असतो. व्हेपवर तो असूच शकत नाही. बिल नाही, वॉरंटी नाही, फुगलं तर भांडायला दुकानदार नाही. बर्डीच्या गल्लीत कोणी टेबलाखालून काढून देत असेल, तर तो खरा माल की नक्कल, हे त्यालाही ठाऊक नसतं.

६५ वॉटचं भूत

मग रूममेटने केलं काय? माझ्याकडची जुनी केबल घेतली, ६५ वॉटच्या दणकट चार्जरला लावली, पेन उशीजवळ ठेवलं आणि झोपली.

‘मोठा चार्जर लावला की छोटी वस्तू जळते’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. चार्जर करंट ढकलत नाही, यंत्र हवा तेवढा ओढतं. फास्ट चार्जरसुद्धा समोरून मागणी आल्याशिवाय पाच व्होल्टच्या वर जात नाही. म्हणजे सगळं ठीक असेल तर ६५ वॉटचा चार्जर आणि पाच वॉटचा चार्जर सारखेच. पण ‘सगळं ठीक असेल तर’! आत शॉर्ट झाला, तर मोठा चार्जर तीन अँपिअरपर्यंत देत राहू शकतो, आणि जुना बारका चार्जर एका अँपिअरच्या आसपास हात वर करतो. म्हणून अशा बारक्या वस्तूंना ड्रॉवरमधला तो जुना, हिणवलेला पाच व्होल्ट-एक अँपिअरचा चार्जरच बरा. लॅपटॉपचं जुनं यूएसबी पोर्टही चालेल.

आता बॅटरीच्या पोटातला फंडा. लिथियम सेल भरताना आधी ठरावीक करंट दिला जातो, व्होल्टेज ४.२ ला पोचलं की करंट हळूहळू कमी करत शून्याकडे न्यायचा. ४.२ च्या वर रेटत राहिलं, तर लिथियम धातू आत साचायला लागतो, गॅस तयार होतो, सेल फुगतो. आतलं द्रावण पेट्रोलसारखंच पेट घेणारं. एकदा सेल स्वतःच स्वतःला तापवायला लागला की तो थांबत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ अख्ख्या जगातून परत मागवावा लागला, तो अशाच बॅटऱ्यांमुळे. एवढ्या मोठ्या कंपनीची ती गत, तर बिननावाच्या पेनचं काय!

पाचशेच्या आसपासची बॅटरी तास-सव्वा तासात भरते. दिव्याचा रंग बदलला किंवा तो विझला की काढायचं. रात्रभर लावून ठेवण्याचा एकही फायदा नाही. चार्जिंग चालू असताना ओढायचंही नाही. एकीकडून भरताय आणि दुसरीकडून कॉइल तापवायला उपसताय, उष्णता दुप्पट. आणि सहा महिने ड्रॉवरमध्ये मेलेलं पडलेलं यंत्र एकदम चार्जिंगला लावू नका. सेल फार खाली उतरला की आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा भरताना तेच तांबं आत शॉर्ट घडवू शकतं. हे ट्रिमरला, जुन्या पॉवर बँकेला, ब्लूटूथ स्पीकरलाही लागू.

४५ च्या वर नको, आणि आपण राहतो नागपुरात

खरी मेख इथे आहे. लिथियम सेल बनवणारे सांगतात, शून्य ते ४५ अंश या दरम्यानच चार्ज करा. आता ४५ हा आकडा वाचून नागपूरकर हसणारच. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि देशभर हल्लकल्लोळ झाला. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण मनीषनगरात त्या दिवशी कोणालाही ते खोटं वाटलं नव्हतं!

हवा ४५ ची असताना चार्ज होणारी बॅटरी त्याहून गरम असते. तेव्हा दुपारी दोन वाजता पश्चिमेच्या खिडकीत मोबाइल चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीवर अन्याय. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा लावा. गाडीच्या डिक्कीत पॉवर बँक ठेवून दिवसभर मिहानच्या पार्किंगमध्ये उन्हात सोडू नका. डिक्की आणि बंद कार साठीच्या घरात जातात. बिछाना, सोफा, उशी नको, कारण कापूस उष्णता कोंडून ठेवतो आणि पेटतोही. ओट्याचा ग्रॅनाइट किंवा फरशी सगळ्यात बेस्ट.

आणि आपली खास नागपुरी चूक, ती म्हणजे कूलरसमोर चार्जिंग. गार हवेत बॅटरी गार राहील, असं लॉजिक. पण कूलरची हवा ओली, शेजारी एक्स्टेंशन बोर्ड, आणि टाकी भरताना उडणारं पाणी. पोर्टमध्ये ओल गेली की पिना गंजतात, शॉर्ट होतात. आमच्या घरात तर बोर्ड कूलरच्या स्टँडलाच बांधलेला होता. कोणी बांधला, ते विचारू नका.

पहाटे चार वाजता

मला जाग आली ती वासाने. गोड, नेलपॉलिशसारखा. रूममेट गाढ झोपेत. मेन बोर्डवरून बटन बंद केलं, मग तिला उठवलं. पेनची प्लास्टिकची शिवण एका बाजूने उघडली होती, मधोमध फुगीर. हात लावला तर चहाच्या कपासारखं गरम. दोघींची झोप क्षणात उडाली.

ते नशिबाने पेटलं नाही. पेटलं असतं तर काय करायचं, हे मी नंतर शोधलं आणि तेव्हाच माहीत असतं तर बरं झालं असतं. वीज बंद करायची, धूर छातीत घ्यायचा नाही कारण तो विषारी असतो, एवढ्याशा सेलवर भरपूर पाणी ओतलं तरी चालतं, आणि आग पडद्या-गादीला लागली तर सरळ बाहेर पडून १०१ फिरवायचं. फुगलेल्या बॅटरीला टाचणी मारून ‘हवा काढणारे’ महाभाग असतात. प्लीज, कधीच नको.

आम्ही चिमट्याने उचलून ते रिकाम्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि बाल्कनीच्या सावलीत ठेवलं. मग रेती हवी होती. मनीषनगरात रेतीची काय कमी! दर दुसऱ्या प्लॉटवर बांधकाम. समोरच्या साइटवरचा चौकीदार पहाटे पाच वाजता दोन मुलींना बादली घेऊन आलेलं पाहून म्हणाला, ‘मॅडम, रेती कशाले पाह्यजे इतक्या सकायी?’ आम्ही म्हटलं, कुंडीला.

पुढचा प्रश्न, हे टाकायचं कुठे? कचऱ्याच्या गाडीत नाही. तिथे कचरा दाबला जातो, सेल चेपला की ठिणगी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, पण बंदी असलेल्या वस्तूचा उत्पादक शोधणार कुठून? भंगारवाल्याने डबा उघडून बघितला आणि बंद केला. शेवटी ई-कचरा घेणाऱ्या एकाने जुन्या कीबोर्ड आणि दोन मेलेल्या पॉवर बँकांसोबत डबा घेतला, तोही चेहरा वाकडा करून. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, त्यात या कचऱ्याचा मोठा वाटा होता. नुसतं चार्जिंगचं पोर्ट असून तिथेही भागत नाही, द्रवही पुन्हा भरता आलं पाहिजे.

रूममेटला मी सरकारची तंबाखू सोडवणारी टोल-फ्री हेल्पलाइन १८००-११-२३५६ दिली. तिने दोनदा फोन केला. सध्या स्कोअर आहे दिवसाला तीन सिगरेट, व्हेप शून्य. मावसभाऊ दिवाळीत पुन्हा येतोय. त्याला खजूर आणायला सांगितलंय.

एक्स्टेंशन बोर्ड आता कूलरपासून सुटून ओट्यावर आला आहे. काल रात्री दहा वाजता किचनमधून आवाज आला, ‘अगं, माझे इअरबड्स लावले आहेत. अकराला काढ हं, मी शिफ्टला चालली.’