मी आलो की मी आले?

माझ्या मराठीच्या वर्गातल्या एका मुलाचं आईशी फोनवर चाललेलं बोलणं एकदा सहज कानावर पडलं. आज मी ‘मुलाचं’ असं लिहितो; तेव्हा हजेरीपटावर नाव मुलीचं होतं. ‘माझं जेवण झालं. यायला उशीर होईल. नाही, मी बाहेरचं खात नाही. प्रॅक्टिकल चालू आहे. हो, उद्या फोन करीन.’ साधंच बोलणं. पण व्याकरण शिकवणाऱ्याचा कान जरा वेगळा असतो. पाच मिनिटांत ‘जेवलो’ आलं नाही, ‘जेवले’ही आलं नाही. ‘करतो’ नाही, ‘करते’ नाही. नंतर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘सर, चार वर्षं घरी असंच चाललंय. जेवलो म्हटलं तर आई रडेल, जेवले म्हटलं तर मला रडू येईल.’

लिंगओळख आणि सर्वनामं यांवर हल्ली जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं इंग्रजीतून आलेलं आहे. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. अडचण येते ती तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना, ‘ही’ म्हणायचं की ‘शी’ एवढ्यापुरती. म्हणून तिथे एकवचनी ‘दे’ वापरात आला आणि 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर या कोशकारांनी त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. स्वीडिशमधलं ‘हेन’ 2015 मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत दाखल झालं. बंगालीला तर काही करावंच लागलं नाही, कारण तिथे तो आणि ती दोघांनाही ‘शे’च म्हणतात.

मराठीचं तसं नाही. आपल्याकडे दुसरं कुणी काय म्हणतंय हा प्रश्न नंतर येतो. त्याआधी बोलणाऱ्यालाच प्रत्येक वाक्यात स्वतःबद्दल साक्ष द्यावी लागते. मी आलो, मी आले. मी दमलो, मी दमले. मी होतो, मी होते. ज्याला आपण पुरुष आहोत हे आतून ठाऊक आहे आणि घरात सगळे ज्याला मुलगी समजतात, त्याच्यासाठी पाणी मागण्यापासून सगळी वाक्यं अवघड होतात.

पण याच भाषेत आडवाटाही आहेत, आणि त्या मुलाने त्या एकट्याने शोधल्या होत्या. भविष्यकाळात लिंग उघड होत नाही: मी येईन, मी जाणार आहे. वर्तमानकाळाच्या नकारातही नाही: ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ वेगळे, पण ‘मी करत नाही’ दोघांचं सारखंच. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं, म्हणून ‘मी पुस्तक वाचलं’ कुणीही म्हणावं. ‘मला भूक लागली’, ‘माझं काम उरकलं’ यांतही बोलणारा झाकलेला राहतो. चार वर्षं या वाटांनी चालायचं म्हणजे मनात येणारं प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडण्याआधी तपासून घ्यायचं. व्याकरणाच्या तासाला मी हे नियम कित्येक वर्षं शिकवले. त्यांचा असा उपयोग कुणाला करावा लागत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

‘नोंदीतलं लिंग सोडून दुसरं क्रियापद वापरणं म्हणजे मराठीची मोडतोड’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांची भाषेबद्दलची कळकळ खरी असते, हे मला मान्य आहे. पण मराठीचा संसार त्यांना वाटतो त्याहून मोठा आहे. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या मुलगी असण्याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. गोव्यात कोंकणीत लहान मुलीला, तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात, म्हणजे नपुंसकलिंग वापरतात, आणि त्यात मायाच असते. घराघरांत आया मुलींना ‘राजा’ म्हणतात. विठ्ठल ‘विठाई’ होतो, ज्ञानदेव ‘माउली’ होतात, आणि वारीत दाढीमिशीवाले वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणून पायाला हात लावतात. ज्ञानदेवांच्या ‘विरहिणी’ या रचना स्त्रीच्या तोंडच्या आहेत. त्या गाताना बुवांच्या तोंडी येणारं स्त्रीलिंगी क्रियापद कुणालाच खटकत नाही.

रंगभूमीचंही तसंच. नारायण श्रीपाद राजहंस 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि बालगंधर्व म्हणून त्यांनी पुढची कित्येक वर्षं स्त्रीभूमिका केल्या. त्यांचे शालू, त्यांची चाल, त्यांचं ‘मी आले’ महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. मात्र इथे एक फरक जपायला हवा. बालगंधर्वांची ती भूमिका होती, पडदा पडला की संपायची. आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत त्यांना उलट रोजच्या जगण्यात भूमिका करावी लागते आणि ती संपावी अशी त्यांची इच्छा असते. भक्तीत आणि नाटकात जे क्रियापद आपण आनंदाने ऐकतो, ते स्वयंपाकघरात ऐकताना आपल्याला जड जातं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांत यल्लमाचे जोगते आहेत. साडी नेसून, कपाळाला भंडारा लावून, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिच्या मूर्तीची टोपली, घेऊन ते दारी येतात. लोक त्यांच्या पाया पडतात, आणि आपल्या घरातला मुलगा तसा निघाला तर त्याला घराबाहेर काढतात. राजीव पाटील यांच्या 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटाने हे दुखणं मराठी प्रेक्षकांसमोर मांडलं. गुरू-चेल्याच्या परंपरेत राहणाऱ्या तृतीयपंथीयांत सर्वनामाचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. रेशनकार्डावर काहीही असो, एकमेकींना त्या ‘ती’च म्हणतात, नातीही आई, मावशी, बहीण अशीच. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन आलं, दिशा पिंकी शेख यांच्या कविता आल्या, आणि हे जग त्यांच्याच शब्दांत मराठी वाचकापर्यंत पोचलं.

तरी एक उणीव राहिलीच. ‘तृतीयपंथी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साडीतली व्यक्तीच येते. मुलगी म्हणून वाढवलेला पण पुरुष असलेला माणूस त्या शब्दात मावत नाही. ‘पारलिंगी पुरुष’ हा शब्द अजून लेखांतच राहिला आहे, गल्लीत पोचलेला नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला स्वतःबद्दलचा पहिला शब्द मोबाइलवर सापडला, तोही इंग्रजीत. मग ‘हे सगळं परदेशातून आलेलं खूळ’ असं त्याला ऐकावं लागलं. शब्द परका होता. त्याचं दुखणं आठव्या वर्षापासूनचं होतं, जेव्हा त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

कायद्याने ही गोष्ट आपल्या पद्धतीने हाताळली. निवडणूक आयोगाने 2009 मध्ये मतदारयादीत ‘इतर’ असा पर्याय दिला. 2011 च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्याखेरीज ‘इतर’ अशी नोंद प्रथमच झाली. देशभरात ती 4,87,803 जणांची होती आणि त्यांतले 40,891 महाराष्ट्रातले. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात निकाल दिला, की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. 2019 मध्ये संसदेने जो कायदा केला त्यात मात्र जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आलं आणि पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतरचा दाखला आला. मी कोण हे कार्यालयात जाऊन सिद्ध करायचं, यावर या समाजातून तेव्हा तीव्र आक्षेप घेतले गेले, आणि ते मला पटतात.

न्यायालयंही वीसेक वर्षांत बदलली. मध्य प्रदेशातल्या कटनीत तृतीयपंथी कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या. पद स्त्रियांसाठी राखीव होतं. त्या पुरुष आहेत असं ठरवून ती निवड रद्द झाली आणि 2003 मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथे अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. तो फेटाळला गेला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो मान्य करायला लावला. त्या स्त्री म्हणून जगत आहेत आणि पुढेही तसंच जगणार आहेत, हे न्यायालयाने ग्राह्य धरलं. अंजली निवडून आल्या. न्यायालयाच्या आदेशात त्या ‘ती’ ठरल्या आणि गावाने मतपेटीतून तेच सांगितलं.

स्त्रियांच्या राखीव जागा, क्रीडास्पर्धा, वसतिगृहं यांबद्दल ज्या स्त्रिया प्रश्न विचारतात, त्यांना मी द्वेष्ट्या म्हणणार नाही. या जागा मोठ्या झगड्यातून मिळाल्या आहेत. त्या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक ठिकाणी वेगळी शोधावी लागतील. पण कुणाला हाक कशी मारावी, हा प्रश्न त्या वादात मिसळला जातो हे मला पटत नाही. धावण्याच्या शर्यतीचे नियम काहीही ठरोत, समोरच्या माणसाला ‘जेवलास का’ म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि ज्यांना स्वतःला तो-ती दोन्हीत बसवून घ्यायचं नाही, त्यांचं काय? इथे मराठीची आदराची रूपं कामाला येतात. ‘तू आलास’, ‘तू आलीस’ यांत लिंग आहे. ‘तुम्ही आलात’ यात नाही. ‘आम्ही आलो’ बाया म्हणतात, बाप्येही म्हणतात. तिसऱ्या माणसाबद्दल ‘ते आले’, ‘त्या आल्या’ असा भेद राहतो, पण ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ यांत तो पुसला जातो. काही जण एकेरी ‘ते’ निवडतात. काहींना तेच ‘ते’ एखाद्या वस्तूबद्दल बोलल्यासारखं टोचतं, कारण चेष्टा करणाऱ्यांनीही त्यांना ‘ते बघ’ म्हणूनच हिणवलेलं असतं. एकच एक नियम इथे चालणार नाही. विचारावं लागतं, आणि विचारून लक्षात ठेवावं लागतं.

माझ्याकडूनही चुका झाल्या. ‘आलीस का’ असं तोंडून निघून जायचं. पहिल्यांदा मी लांबलचक माफी मागत बसलो, तेव्हा तो अवघडून गेला. नंतर कळलं, ‘आलास का’ एवढं दुरुस्त करून पुढे बोलायचं असतं.

नोकरी लागल्यावर त्याने आईला सांगितलं. पत्राने सांगितलं, कारण समोर बसून बोलायचा धीर नव्हता. महिनाभर फोन आला नाही. मग एका रविवारी आला. त्याने मला तो संवाद जसाच्या तसा सांगितला. ‘तब्येत कशी आहे? पगार झाला का? गणपतीला यायला जमेल का? गाडीत बसल्यावर फोन कर.’ आईने त्याला जुन्या नावाने हाक मारली नाही, नव्यानेही नाही. ‘आलास’ म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. पण पंचवीस वर्षं म्हटलेलं ‘आलीस’ त्या फोनवर एकदाही आलं नाही. ‘सर,’ तो म्हणाला, ‘आईपण आता माझ्यासारखंच बोलायला लागलीये.’