चिमुकल्यांसह खानदेशची दहा दिवसांची भटकंती

मोटारीच्या डिकीत तंबू टाकायचा, मुलांना घ्यायचे आणि दोन-तीन आठवडे गावोगावी मुक्काम करीत हिंडायचे, ही पद्धत युरोपात चांगलीच रुजलेली आहे. इंग्लंडमध्ये सायकलवरून भटकणाऱ्या तंबूप्रेमींची संघटना १९०१ मध्येच स्थापन झाली होती. तेथील तळांवर तंबूसाठी आखून दिलेली जागा, पिण्याच्या पाण्याचे नळ, स्वच्छतागृहे, वीज आणि मुलांसाठी खेळण्याची जागा अशी सोय बहुधा असते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र युरोपच्या धर्तीचे तळ आपल्याकडे गावोगावी नाहीत. त्यामुळे धुळे-जळगाव परिसरात असा प्रवास करायचा, तर तेथील सल्ले जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत. एक सूत्र मात्र दोन्हीकडे लागू पडते. प्रवासाचा वेग गाडी ठरवीत नाही, गाडीतील सर्वांत लहान प्रवासी ठरवितो.

ऋतू आणि रोजचे अंतर

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या काळात लहान मुलांसह तंबूत राहण्याचा विचारही करू नये. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. मात्र थंडीच्या लाटेत खानदेशातील रात्रीचे तापमान एक अंकी होते, याची तयारी हवी.

सहा वर्षांखालील मुले असतील, तर दिवसाला शंभर ते सव्वाशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवू नये. दर दीड तासाने किमान वीस मिनिटे थांबावे. मुले ज्या वेळी घरी दुपारी झोपतात, त्याच वेळेत लांबचा टप्पा ठेवल्यास निम्मा प्रवास शांततेत पार पडतो. अंधार पडल्यावर गाडी चालविणे टाळावे. हाच काळ ऊसतोडणीचा आणि कापसाचा असतो. मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या रात्री अचानक समोर येतात.

मार्ग कसा आखावा

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे मुंबई, नाशिक वा सुरतेकडून येणाऱ्यांना धुळ्यापासून वर्तुळाकार प्रवास सोयीचा ठरतो. पहिल्या दिवशी लळिंग किल्ला पायथ्यावरूनच दाखवावा आणि चाळीसगावमार्गे पाटणादेवीला जावे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीतील या जागी दोन रात्री काढाव्यात. थोर गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी येथे मठ स्थापन केल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

तिसऱ्या दिवशी पाचोऱ्यामार्गे फर्दापूर गाठावे व चौथ्या दिवशी सकाळीच अजिंठा पाहावा. लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात घेऊनच निघण्याचा दिवस ठरवावा. खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून पुढे बसने जावे लागते. पायऱ्या असल्याने बाबागाडी निरुपयोगी ठरते. तान्ह्या बाळाला पाठीवर वा पोटाशी बांधण्याची झोळी न्यावी. सगळी लेणी पाहण्याचा हट्ट न धरता चार-पाच निवडक लेणी पाहिल्यास मुले कंटाळत नाहीत.

अजिंठ्याहून जळगाव सुमारे साठ किलोमीटर आहे. तेथे दोन रात्री छताखाली काढाव्यात. कपडे धुणे, औषधे, गाडीची तपासणी ही कामे उरकतात. जैन हिल्स येथील गांधीतीर्थ हे २०१२ मध्ये सुरू झालेले संग्रहालय मोठ्या मुलांना आवडेल. पुढे भुसावळमार्गे हतनूर जलाशयावर हिवाळी पाहुणे पक्षी पाहावेत, तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचे मंदिर पाहावे आणि १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे इतिहासात नोंदले गेलेले फैजपूर दाखवून सातपुड्यातील पाल येथे पोहोचावे. तेथे एक रात्र राहून यावल, चोपडा या मार्गाने पश्चिमेकडे वळावे. अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत. मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी ते किती कढत आहे हे मोठ्यांनी स्वतः पाहावे. शिरपूरला मुक्काम करून शहाद्यामार्गे तोरणमाळ गाठावे. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हे ठिकाण आता नंदुरबार जिल्ह्यात येते. दोन रात्री तेथे काढून दहाव्या दिवशी धुळ्याला परतावे. तोरणमाळच्या घाटात मुलांना मळमळते. पोट अगदी रिकामे वा अगदी भरलेले नसावे, पुस्तके व मोबाइल दूर ठेवावेत आणि काच थोडी खाली करावी.

तंबू कोठे लावावा

सगळ्या रात्री तंबूत काढण्याचा आग्रह नको. दोन रात्री तंबूत झाल्या की एक रात्र विश्रामगृहात वा हॉटेलात, हे प्रमाण लहान मुलांना मानवते. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही आणि शेकोटीही पेटविता येत नाही. त्यामुळे पाटणादेवी, पाल येथे जाण्यापूर्वीच चौकशी करून वन विभागाच्या वा पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाचे आरक्षण करावे. गावाजवळ मुक्काम असेल, तर ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा सर्वांत उत्तम. विहीर, घर आणि हाकेच्या अंतरावर माणसे असतात. नदीचे पात्र वाळूमुळे मोहक वाटले, तरी तेथे तंबू लावू नये. धरणातून पाणी केव्हा सुटेल, याचा भरवसा नसतो.

जमिनीतून चढणारा गारवा वरच्या थंडीपेक्षा अधिक त्रास देतो. म्हणून पांघरुणापेक्षा खाली अंथरण्यावर भर द्यावा. जाड सतरंजी आणि घोंगडी सोबत असावी. तंबूत उबेसाठी शेगडी, कोळशाची पाटी वा गॅसची चूल ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. डासांसाठी अगरबत्ती वा कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

गाडीतील शिस्त

चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्याने वा मुलांच्या आसनात सुरक्षित बसविणे २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनंतर बंधनकारक झाले आहे. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणे म्हणजे धक्का बसताच ते हातातून सुटण्याची जोखीम पत्करणे होय. ‘पाचच मिनिटे’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवून उतरू नये. उन्हातील बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. हिवाळ्याच्या दुपारीही हे घडते.

खाणे आणि पाणी

या प्रवासात मुलांचा खरा खाऊ म्हणजे केळी. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळ स्वस्त, पोटभर आणि सालीमुळे स्वच्छ. त्याच वर्षी मानांकन मिळालेल्या भरताच्या वांग्याचा आस्वादही थंडीतच घ्यावा. मात्र खानदेशी शेवभाजी वा भरिताचे तिखट मुलांना सोसणार नाही. ढाब्यावर वरण-बट्टी सांगावी किंवा मुलांचा घास तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढून ठेवण्यास सांगावे. पिण्याचे पाणी उकळून वा सीलबंद घ्यावे.

आजारपण आणि दंश

जुलाब सुरू झाल्यास ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मूल सुस्त झाले किंवा लघवी कमी झाली, तर रुग्णालय गाठावे.

तंबूबाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकूनच घालावेत. विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा लहान मुलांना अधिक घातक असतो. त्यावर प्राझोसिन हे औषध प्रभावी ठरते, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या संशोधनाने सिद्ध केले. हे औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते. म्हणून मांत्रिक वा घरगुती उपायात वेळ घालवू नये. सर्पदंशातही जखम कापू नये, घट्ट बांधू नये. हात-पाय स्थिर ठेवून रुग्णालयात न्यावे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, पण सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाजवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे संध्याकाळी तंबू लावतानाच विचारून ठेवावे. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तोरणमाळला निघताना शहाद्यातच इंधनाची टाकी भरावी.

एखादे ठिकाण सोडावे लागले, तर ते सोडावे. ठरविलेल्या दहा जागांपैकी सहाच पाहून हसतखेळत परतलेले कुटुंब पुढच्या हिवाळ्यात पुन्हा निघते. दहाही जागा ओढाताणीत उरकल्या, तर मुले पुढील वर्षी तंबूचे नावही काढू देत नाहीत.