जरा फळी धर रे! – करवतीच्या मशीनजवळ उभं राहण्याआधी



उन्हाळ्याची सुट्टी लागली की बरीच मुलं घरच्या कामाला हात लावतात. कुणाच्या वडिलांचं फर्निचरचं काम असतं, कुणाच्या काकांचं फॅब्रिकेशनचं दुकान, तर कुणाच्या घराचंच बांधकाम चालू असतं. मग हाक येते, "जरा फळी धर रे!" मशीन मोठ्या माणसाच्या हातात आहे, मुलाने फक्त लांबचं टोक धरायचंय, त्यात कसला धोका, असं आपल्याला वाटतं. पण खरी अडचण तिथूनच सुरू होते. ती कशी, ते आज समजून घेऊया.

आधी साधी हातकरवत बघा. तिचे दात सरळ रेषेत नसतात. एक दात थोडा डावीकडे, पुढचा थोडा उजवीकडे असा वळवलेला असतो. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्यापेक्षा जरा रुंद होते आणि पातं मोकळं फिरतं. आता ही चीर कापता कापताच आवळली तर? हातकरवत अडकते. आपण थांबतो, फळी सरळ करतो आणि पुढे कापतो. फार तर दोन शिव्या घालतो!

मशीन मात्र थांबत नाही. ४ इंची कटर किंवा ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. चकतीचा व्यास १० सेंटीमीटर, म्हणजे परिघ सुमारे ३१.४ सेंटीमीटर. गुणाकार करून बघा. चकतीच्या कडेवरचा एक दात मिनिटाला जवळजवळ साडेतीन किलोमीटर अंतर कापतो, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. (वरच्या वर्गात परिघाचं सूत्र शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या, मुलं वहीतून डोकं वर काढतात.) इतक्या वेगातला दात चिरेत आवळला गेला की वेग जाणार कुठे? एक तर मशीन उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येतं, नाही तर लाकूड फेकलं जातं. यालाच 'किकबॅक' म्हणतात. आमच्याकडे कारागीर "मशीनने लाथ मारली" असं म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. हे सगळं इतकं पटकन होतं की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

आता फळी धरणाऱ्या मुलाकडे या. वडील मधोमध कापतायत आणि टोक खाली पडू नये म्हणून मुलगा मनापासून ते वर उचलून धरतो. टोक वर गेलं की फळी चिरेच्या जागी वाकते आणि चिरेचं वरचं तोंड आवळतं. पातं तिथेच अडकतं. मुलाने काही वाईट केलेलं नसतं, उलट जास्त मदत केलेली असते! दोन टोकं दोन स्टुलांवर टेकवून मधे कापलं तरी हेच होतं. फळी मधे खाली झुकते आणि चीर बंद होते. म्हणून मोठा भाग कापायच्या रेषेजवळच भक्कम टेकवून शिकंज्याने घट्ट बांधायचा, आणि कापून निघणारा छोटा तुकडा मोकळा पडू द्यायचा. तुकडा मोठा असेल तर त्याच्याखालीही त्याच उंचीचा टेकू द्यायचा. शिकंजा असला की धरायला माणूस लागत नाही. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, पण पुष्कळ ठिकाणी ती नसते आणि तिचं काम शाळकरी पोराला करावं लागतं.

टेबलावरची करवत आणखी वेगळी. बऱ्याच ठिकाणी हातातली गोल करवत उलटी करून टेबलाखाली बसवतात आणि वरून लाकूड ढकलतात. तिथे पात्याची जवळची बाजू खाली जात असते आणि पलीकडची बाजू वर येत असते. पलीकडच्या दातांनी लाकूड पकडलं की ते उचलून थेट ढकलणाऱ्याच्या दिशेने फेकतात. वर्गात मी हे सायकलवर दाखवतो. सायकल उलटी ठेवायची, वरचा भाग आपल्याकडे येईल असं चाक फिरवायचं आणि वरून टायरवर कागदाचा बोळा टाकायचा. बोळा कुठे जातो ते मुलांनी बाजूला उभं राहून बघायचं. (बोटं स्पोकपासून लांब!) मग त्यांना वेगळं सांगावं लागत नाही की पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला राहायचं. शेवटचा तुकडा बोटाने न ढकलता लाकडी काठीने ढकलायचा.

ग्राइंडरबद्दल मला जरा स्पष्टच बोलायचं आहे. ग्राइंडर मुळात लोखंड घासायला आणि कापायला बनवलेलं मशीन आहे. त्याचं कव्हर काढून त्यावर लाकडाचं दातेरी पातं चढवायची पद्धत सगळीकडे दिसते. अशी दातेरी पाती लावू नका, ती वारंवार उसळी मारतात, असं ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकेत सहसा छापलेलंच असतं. पण पुस्तिका खोक्यात आणि खोकं माळ्यावर! "कव्हरमुळे दिसत नाही" हे कारण तर नेहमीचंच. लोखंड कापायची पातळ चकती फुटली की तिचे तुकडे अडवायला दुसरं काहीच नसतं, ते कव्हरच असतं. चकतीवर जास्तीत जास्त आरपीएम लिहिलेला असतो. तो मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल तर ती चकती लावायचीच नाही. पातळ चकतीच्या बाजूने घासायचंही नाही.

लाईट जाते तेव्हा काय होतं? मशीन थांबतं, माणूस ते खाली ठेवतो आणि चहाला जातो. बटण चालूच राहिलेलं असतं. लाईट आली की मशीन जमिनीवर आपोआप नाचायला लागतं. म्हणून लाईट गेली की आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. पातं बदलतानाही प्लग बाहेर. उघड्या वायरी काडीने सॉकेटमध्ये खोचणं हा प्रकार तर बंदच झाला पाहिजे.

कपड्यांचं म्हणाल तर ओढणी, सैल बाही, मनगटातला दोरा आणि अंगठी नको. डोळ्यांना गॉगल हवाच, साधा नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो. ड्रिल आणि टेबल करवतीवर हातमोजे घालू नका, मोजा अडकला की हातही ओढला जातो.

तरीही काही झालंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. डोळ्यात कीस गेला तर चोळू नका, घरी काढायला बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

पालकांसाठी एक गोष्ट. बालकामगार कायद्यात २०१६ साली बदल झाला. १४ वर्षांखालच्या मुलाला घरच्या व्यवसायात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करता येते, पण धोकादायक कामात नाही.

मग मुलांनी सुट्टीत काहीच करायचं नाही का? करायचं ना! कार्यानुभवासाठी एक जाड काठी, हातकरवत आणि दोन विटा पुरतात. मोठं माणूस शेजारी असू द्या. काठीची दोन्ही टोकं विटांवर ठेवून मधे कापायला सांगा. अर्ध्यात करवत अडकेल. मग तीच काठी बाकाला घट्ट बांधा, टोक बाहेर मोकळं ठेवा आणि पुन्हा कापायला द्या. करवत का अडकली आणि नंतर का नाही, ते मुलांना वहीत चित्र काढून लिहू द्या.