चित्र ठशाचे, अक्षर हाताचे

संक्रांत आली की बंगळूरच्या मराठी घरी शेजारच्या कन्नड घरातून तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण येते. ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ असे म्हणून ते हातावर ठेवतात. आपल्या ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’चेच हे कन्नड रूप. शेजाऱ्याशी गोड बोलण्याचे सुख असे सहज लाभते; परंतु पुण्याची आजी, इंदूरचे काका, नागपूरची मावशी यांच्या हातावर तीळ कसा ठेवावा? त्यासाठीच मराठी घरांत संक्रांतीची भेटकार्डे टपालाने धाडण्याची रीत पडली. कित्येकदा त्यांत काटेरी हलव्याचे चार दाणेही असत.

आता शुभेच्छा मोबाइलवरून क्षणात पोहोचतात. सोय मोठी आहे. पण ते चित्र आणि ते शब्द बहुधा तिसऱ्याच कोणाचे असतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांना तर आणखी एक चिंता असते. मुले घरात मराठी बोलतात, शाळेत कन्नड व इंग्रजी लिहितात. मराठी लिहिण्याचा प्रसंगच त्यांच्यावर येत नाही. जी लिपी कोणाला काही कळविण्यासाठी कधीच वापरावी लागत नाही, ती हळूहळू हातातून जाते. तेव्हा यंदा मुलांना असा एक प्रसंग द्या. आजीसाठी त्यांच्याकडून भेटकार्ड करवून घ्या.

बंगळूरला ही कला परकी नाही. सन १६३८ मध्ये हे शहर आदिलशाहीकडे आले आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झाले. मराठीचा येथील वावर इतका जुना आहे. येथे वसलेल्या मराठीभाषक भावसार समाजाचे परंपरागत व्यवसाय म्हणजे शिवणकाम आणि कापड रंगविणे व छापणे. लाकडी ठशाला रंग लावून तो कापडावर दाबावयाचा, हीच युक्ती आपण कागदावर योजणार आहोत.

१५ बाय २० सेंटिमीटरचा जाडसर कागद मधोमध दुमडून पुन्हा उघडावा. संक्रांतीला आपल्याकडे काळ्या चंद्रकळेचा मान असतो. तोच रंग पार्श्वभूमीला घेऊ. प्रथम दर्शनी भागाच्या कडेने पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकाने ठिपके दाबून काढावेत. मग फाउंटन पेनची निळी-काळी शाई थोड्या पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेने फिरवावी. मेणावर शाई धरत नाही. त्यामुळे गडद रंगात पांढरे ठिपके हलव्यासारखे उमटतात. कागद सावलीत पूर्ण वाळू द्यावा व रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवावा, म्हणजे त्याचा बाक जातो.

ठशासाठी बटाटा अर्धा कापून त्याचा ओलावा फडक्याने टिपावा. त्यावर पतंगाचा आकार काढून भोवतीचा भाग अर्धा सेंटिमीटर खोल कापून टाकावा. सुरीचे काम मोठ्यांनीच करावे. लहानग्यांना भेंडी आडवी कापून द्यावी. तिचा छेद आयतेच पाच पाकळ्यांचे फूल होतो. पिवळा किंवा पांढरा पोस्टर रंग घट्टच ठेवावा, कारण पाणी लागताच खालची शाई पुन्हा सुटते. रंग बोळ्याने ठशावर पातळ लावावा, एकदा रद्दी कागदावर उठवून पाहावा आणि मगच मेण नसलेल्या मधल्या जागेत ठसा सरळ दाबून सरळ उचलावा.

ठशाचा मोह मात्र चित्रापाशीच थांबवावा. ठशात अक्षरे उलटी कोरावी लागतात. शिवाय मुलाचे अक्षर आजीला पाहावयास मिळत नाही, ते वेगळेच. सन १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळसाठी छापील शुभेच्छापत्र काढले, ते इतक्या पत्रांना हाताने उत्तरे लिहिण्यास सवड नव्हती म्हणून. आपला हेतू नेमका उलट आहे. आतले पान कोरे ठेवावे आणि तेथे मुलाने स्वतः तीन-चार वाक्ये लिहावीत: शाळेत काय चालले आहे, दात पडला का, पतंग उडविला का. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुको. वडिलांनी वर लाल रेघ ओढू नये. खाली ते कन्नड वाक्यही देवनागरीत लिहावे, म्हणजे नातू कोणत्या शेजारात वाढतो आहे हे आजीला कळेल.

पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. एवढे कार्ड पाकिटासह त्यात सहज बसते. हलव्याचे दाणे घातल्यास वजन करून घ्यावे. पत्ता मुलाकडूनच लिहवून घ्यावा, पिनकोडसह. आणि शेवटची ओळ विसरू नये: ‘आजी, मला उत्तर लिही.’ ते उत्तर आले की मुलाला पुढचे पत्र लिहावयास सांगावे लागणार नाही.