नेम आणि नेमस्तता : प्रथमेश जवकार यांच्या तिरंदाजीचा आरंभकाळ

मराठीत ‘नेम’ हा शब्द तीन अर्थांनी रूढ आहे. नेमबाज नेम धरतो तेव्हा लक्ष्य अभिप्रेत असते. एकादशीचा नेम म्हणताना न मोडता पाळावयाचे आचरण. आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ यात निश्चिती. हे तीनही अर्थ एकाच क्रियेत एकवटलेले पाहावयाचे असतील, तर बुलढाण्याचे तरुण तिरंदाज श्री. प्रथमेश जवकार यांच्या आरंभीच्या कारकिर्दीकडे वळावे. बुलढाण्यास प्रशिक्षक श्री. चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली ते घडले.

जवकार वापरतात ते कंपाउंड धनुष्य होय. त्याच्या दोन्ही टोकांस चक्रे असतात. दोरी पूर्ण ओढली की या चक्रांच्या विशिष्ट आकारामुळे हातावरील ताण पुष्कळच उतरतो व नेम धरणे सुकर होते. दोरी बोटांनी न सोडता हातातील यांत्रिक कळीने सोडतात. दर्शकास भिंगही असते. लक्ष्य ५० मीटरांवर असून दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते.

एवढी साधने हाती असता खेळ सोपा होतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. ऑलिंपिकमध्ये चालत आलेल्या रिकर्व्ह प्रकारात सामना संचांत विभागलेला असतो. एक बाण भरकटला तर फार तर तो संच हातचा जातो आणि पुढील संच कोऱ्या पाटीने सुरू होतो. कंपाउंडच्या वैयक्तिक सामन्यात पंधरा बाणांचे गुण एकत्र मोजतात. पहिल्या बाणास गमावलेला गुण पंधराव्या बाणापर्यंत गमावलेलाच राहतो. म्हणून येथे एखाद्या अचूक बाणापेक्षा पंधराही बाण एकसारखे सोडण्यास अधिक मोल आहे.

दि. २० मे २०२३ रोजी चीनमधील शांघाय येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या जवकारांनी जगातील अग्रमानांकित डच तिरंदाज माइक श्लोसर यांना १४९–१४८ असे हरविले. १५० पैकी १४९ म्हणजे चौदा बाण दहाच्या वर्तुळात व एकच नवाच्या. त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोतील एर्मोसियो येथे विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत त्यांनी उपांत्य फेरीत श्लोसर यांच्यावर पुन्हा मात केली. अंतिम सामन्यात डेन्मार्कचे माथियास फुलर्टन यांच्याशी १४८–१४८ अशी बरोबरी झाली. मग एकेक बाण सोडण्यात आला. दोघांचेही दहा गुण, परंतु फुलर्टन यांचा बाण मध्याच्या अधिक निकट होता. जवकारांच्या वाट्यास रौप्यपदक आले. या पराभवात त्यांचा नेम चुकला होता असे म्हणता येणार नाही.

दि. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचे ओजस देवतळे व जवकार या त्रयीने दक्षिण कोरियास २३५–२३० असे नमवून सांघिक सुवर्णपदक मिळविले. चोवीस बाणांत गमावलेले गुण केवळ पाच. वैयक्तिक सुवर्ण व रौप्य अनुक्रमे देवतळे व वर्मा यांस लाभले. यावरून भारतीय संघातच स्पर्धा किती निकराची होती, हे ध्यानी येते.

या धनुष्यास ऑलिंपिकमध्ये दीर्घकाळ स्थान नव्हते. म्हणजे जवकारांची ही उमेदवारी ज्या प्रकारात झाली, त्यात ऑलिंपिक पदकाची आशाच करता येत नव्हती. २०२५ साली २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी कंपाउंडचा समावेश मान्य झाला. तोही केवळ मिश्र सांघिक प्रकारात, जेथे संघात एक पुरुष व एक स्त्री असते. देशातील इतक्या निष्णात पुरुष तिरंदाजांत जागा एकच. ती कोणास मिळेल याचा नेम नाही. नित्याचा नेम पाळणे तेवढे तिरंदाजाच्या हाती आहे.