मंदिराच्या भिंतीवरील देवीमूर्ती

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या सहलीस जोडून औंढा नागनाथ येथील मंदिर मुलांस दाखविणे सोयीचे असते. तथापि दर्शन घेऊन मुले परततात आणि भिंत पाहावयाची राहून जाते. मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा व यादवकालीन आहे. वरील पांढरा भाग मागाहून बांधलेला आहे. भिंत सरळ नसून तारकाकृती कोनांनी आत-बाहेर वळत जाते. त्यामुळे निरनिराळ्या कोनांवर ऊन निरनिराळ्या वेळी पडून शिल्पे उठावदार दिसतात. एका कोपऱ्यात रुसलेली पार्वती व तिची समजूत घालणारे शंकर आहेत. इतक्या लहान आकृतीत रुसवा दाखविणे सोपे नव्हे. मुलांस मात्र तो चटकन कळतो.

देवीची मूर्ती चेहऱ्यावरून ओळखू नये. आयुधे व वाहन पाहावे. रेड्याच्या देहातून बाहेर पडणारा असुर व त्यावर रोखलेला त्रिशूळ दिसला, की ती महिषासुरमर्दिनी. तुळजापूरची भवानी याच रूपातील आहे. पण वस्त्रालंकारांमुळे भाविकांस महिष सहसा दिसत नाही. उघड्या बरगड्या, खपाटीचे पोट, मुंडमाळा व पायाशी प्रेत ही चामुंडेची लक्षणे होत.

एकाच शिळेवर ओळीने बसलेल्या सात देवी म्हणजे सप्तमातृका. त्यांच्या दोन टोकांस बहुधा वीरभद्र व गणेश असतात. आसनाखाली हंस असल्यास ब्राह्मी, नंदी असल्यास माहेश्वरी, मोर असल्यास कौमारी, गरुड असल्यास वैष्णवी आणि हत्ती असल्यास इंद्राणी समजावी. वाराही मात्र वराहमुखावरूनच ओळखते आणि सातवी चामुंडा. वेरूळच्या 14 व 21 क्रमांकांच्या लेण्यांत हे पट उत्तम पाहावयास मिळतात. पाणवठ्यावरील साती आसरा याही सातच. परंतु त्या जलदेवता असून बहुधा अनघड तांदळ्यांच्या रूपात पुजल्या जातात. संख्या जुळली म्हणून दोहोंची गल्लत करू नये.

आता गावातील मूर्तींविषयी. ओट्यावर फरशी बसविताना मूर्तीचा तळ सिमेंटमध्ये गाडला, की वाहन नाहीसे होते आणि कौमारी व वैष्णवी यांतील भेद सांगणे दुर्घट होते. तैलरंगाने आयुधांच्या कडा बुजतात. सप्तशृंगगडावर 2022 साली शेंदराचे जाड थर उतरविल्यावर देवीचे मूळ रूप प्रकट झाले. पण ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. शिक्षकांनी वा मुलांनी मूर्ती खरवडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. तो ग्रामस्थांच्या श्रद्धेचाही विषय आहे.

करण्याजोगे काम निराळेच आहे. जीर्णोद्धाराची बोलणी सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक मूर्तीची जागा, उंची, हातांची संख्या, आयुधे व वाहन यांची नोंद घ्यावी. छायाचित्र काढावे व मुलांकडून पेन्सिलीने आकृतीही काढवून घ्यावी, कारण रेखाटताना मूल जे पाहते ते एरवी पाहत नाही. शेतात नांगरताना मूर्ती सापडल्यास ती न हलविता तहसील कार्यालयास कळवावे. नोंदवहीची एक प्रत शाळेत व दुसरी ग्रामपंचायतीत ठेवावी. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून मूर्तीवर खडू अथवा तेल चोळू नये. सकाळचे तिरपे ऊन पुरेसे होते.