सिकलसेल : प्रथिनातला एकच मणी बदलतो, तेव्हा रक्तात नेमकं काय घडतं?

थंडी वाढली की सातपुड्यातल्या काही घरांत एक ओळखीचं दुखणं सुरू होतं. पोराचे गुडघे, हातापायाची हाडं, पाठ ठणकायला लागते. डोळे पिवळसर दिसतात. चार पावलं चाललं तरी धाप लागते. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं खाणंपिणं कमी पडलं. कुणी भगताकडे नेतं, तर कुणी सगळा दोष सुनेच्या माहेरावर टाकून मोकळं होतं. शेवटी दवाखान्यात रक्त तपासलं जातं आणि रिपोर्ट येतो : सिकलसेल.

हा आजार नजरेने होत नाही, कुणाचं उष्टं खाल्ल्याने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. त्याचं मूळ आहे रक्तातल्या एका प्रथिनात, म्हणजे प्रोटीनमध्ये. त्या प्रथिनाच्या बांधणीत अगदी छोटा बदल झालेला असतो. तो बदल समजला, की दुखणं का होतं, औषध काय करतं आणि लग्नाआधी तपासणी का करायची, हे तिन्ही प्रश्न सुटतात.

प्रोटीन म्हणजे फक्त डाळ-अंडी नाही

प्रोटीन म्हटलं की डोळ्यासमोर डाळ, अंडी, मासे, दूध येतं. ते बरोबरच आहे, पण ती झाली खाण्यातली प्रथिनं. खाल्लेलं प्रथिन पोटात गेल्यावर तुटतं, त्याचे सुटे मणी होतात. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. शरीर तेच मणी वापरून आपल्याला हवी ती नवी प्रथिनं तयार करतं.

मण्यांचे प्रकार फक्त २०. पण कोणता मणी कुठे ओवायचा, किती ओवायचे, यावरून हजारो वेगवेगळी प्रथिनं बनतात. केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची. हाडांना आणि कातडीला चिवटपणा देणारं कोलॅजन हेही प्रथिन. भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं प्रथिन पिठूळ पदार्थाची साखर करायला लागतं. ओझं उचलताना स्नायू आखडतात, ते अॅक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांच्या ओढाओढीने. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं आणि साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन हीसुद्धा प्रथिनंच. पेशीतलं बहुतेक काम प्रथिनंच करतात.

काम ठरतं ते आकारावरून

मण्यांची माळ नुसती लांब पडून राहिली तर काही कामाची नाही. ती पेशीत तयार होताच वळायला, घडी पडायला लागते. काही भागांना दोरीसारखा पीळ पडतो. मग पिळाचे भाग एकमेकांवर दुमडून एक गठडी बनते. काही प्रथिनांत अशा दोन-चार गठड्या एकत्र येतात आणि मगच काम सुरू होतं.

घडी कशी पडायची, हे मणीच ठरवतात. काही मण्यांना पाणी आवडतं, काहींना आवडत नाही. पेशीत तर बहुतेक पाणीच असतं. म्हणून तेलासारखे पाण्यापासून पळणारे मणी गठडीच्या आत दडतात आणि पाण्याशी जमणारे बाहेरच्या बाजूला राहतात. एवढ्यावरून बराचसा आकार ठरतो.

आकार गेला की काम गेलं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक पातळ आणि पारदर्शक असतो. उकळला की तो घट्ट, पांढरा होतो. मणी तेच, माळही तीच. फक्त उष्णतेने घडी उलगडली आणि माळा एकमेकींना चिकटल्या. उकडलेलं अंडं कितीही गार केलं तरी परत कच्चं होत नाही.

ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन

रक्ताला लाल रंग देणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. एका लाल पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या : दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ मणी, बीटा साखळीत १४६. प्रत्येक साखळीच्या खोबणीत लोहाचा एक अणू धरलेला असतो आणि त्या लोहाला ऑक्सिजन बसतो. म्हणजे एका रेणूत ऑक्सिजनच्या चार जागा.

गंमत अशी, की पहिल्या जागी ऑक्सिजन बसला की सगळ्या रेणूचा आकार जरा हलतो आणि उरलेल्या जागा भरणं सोपं होतं. फुप्फुसात गाडी पटापट भरते. हातापायाच्या स्नायूंत, जिथे ऑक्सिजन कमी असतो, तिथे ती तशीच भराभर रिकामी होते. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने घोड्याच्या हिमोग्लोबिनवर वीस वर्षांहून जास्त काळ काम करून ही रचना उलगडली. त्यासाठी १९६२ मध्ये त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सहाव्या जागेवरचा मणी

निरोगी माणसाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हा मणी असतो. त्याला पाणी आवडतं. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलिन हा मणी येतो. त्याला पाणी नको असतं. १४६ पैकी बाकीचे १४५ मणी जसेच्या तसे.

पण ही जागा गठडीच्या बाहेरच्या बाजूला आहे. पाणी नको असलेला मणी उघड्यावर राहिला, की तो दडायला जागा शोधतो. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की आकार बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. व्हॅलिन नेमका त्या खाचेत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जातात आणि पेशीच्या आत लांब, कडक काड्या तयार होतात. या काड्या पेशीला आतून ताणतात. गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरूनच आजाराचं नाव पडलं.

पुन्हा ऑक्सिजन मिळाला की काड्या विरघळतात, पेशी गोल होते. पण असं वारंवार झालं की पेशीचं आवरण खराब होतं आणि ती कायमची वाकडी राहते.

दुखणं आणि रक्त कमी होणं

निरोगी लाल पेशी मऊ असते. स्वतःहून बारीक नळीतूनही ती दुमडून निघून जाते. वाकडी, कडक पेशी अडकते. तिच्यामागे बाकीच्या अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळ येते. यालाच डॉक्टर क्रायसिस म्हणतात.

दुसरी अडचण आयुष्याची. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तर सिकलसेलची १० ते २० दिवसांतच फुटते. शरीर तेवढ्या वेगाने नव्या पेशी बनवू शकत नाही, म्हणून रक्त कमी पडतं. फुटलेल्या पेशींमधून पिवळा पदार्थ तयार होतो आणि डोळे पिवळे दिसतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. हे रक्त कमी होणं लोह कमी पडल्यामुळे नाही, पेशी फुटल्यामुळे आहे. म्हणून अशा पेशंटने स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावं.

बाळ जन्मल्याबरोबर त्रास का दिसत नाही, असंही अनेक आया विचारतात. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटा साखळीच नसते, तिच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं आणि बीटाचं हिमोग्लोबिन वाढतं. म्हणून त्रास साधारण पाच-सहा महिन्यांनंतर सुरू होतो. हातापायाची बोटं सुजणं ही अनेकदा पहिली खूण असते.

शोध कसा लागला?

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहून नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की फरक पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्राम यांनी त्या रेणूचे तुकडे करून शोधलं, की फरक फक्त एका मण्याचा आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष प्रथम आढळला. महाराष्ट्रात तो नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट, पालघर अशा आदिवासी भागांत जास्त दिसतो. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान यांच्यात त्याचं प्रमाण जास्त आहे, पण विदर्भात इतर समाजांतही पेशंट आहेत.

तो याच भागांत का टिकला? त्याचं उत्तर डासात आहे. ज्याच्याकडे हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, म्हणून हा बदल टिकून राहिला. त्यात कुणाचं पाप नाही की शाप नाही.

वाहक वेगळा, पेशंट वेगळा

कोणता मणी कुठे ओवायचा याची सूचना जनुकात लिहिलेली असते. प्रत्येकाकडे बीटा साखळीच्या अशा दोन सूचना असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. रिपोर्टमध्ये तेच लिहिलेलं असतं :

एए : दोन्ही सूचना बरोबर. सिकलसेल नाही.

एएस : एक बरोबर, एक बदललेली. हा वाहक. त्याच्या पेशींत चांगलं हिमोग्लोबिन पुरेसं असतं, म्हणून तो शेती करतो, खेळतो, नोकरी करतो. वाहक म्हणजे आजारी माणूस नव्हे.

एसएस : दोन्ही बदललेल्या. हा पेशंट.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल पेशंट होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. इथे अनेकांचा गैरसमज होतो. ‘एक पोर आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं गणित नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच. वाहक आणि एए यांचं लग्न झालं, तर सिकलसेलचा पेशंट जन्मत नाही.

यातून आणखी एक गोष्ट उघड होते. एसएस मुलाला एक सूचना आईकडून आणि एक बापाकडून आलेली असते. एकट्या सुनेला दोष देणं शास्त्राच्या कसोटीवर टिकतच नाही.

तपासणी आणि काळजी

पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते, वाहक की पेशंट हे सांगत नाही. त्यासाठी पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करावी लागते. पहिल्या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून घाबरून थांबू नये आणि दुसरी चाचणी चुकवूही नये. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. गावात आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करता येते.

पेशंटला फॉलिक अॅसिडची गोळी दिली जाते, कारण सतत नव्या पेशी बनवाव्या लागतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बाळपणीचं गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. ते काड्या बनू देत नाही, म्हणून क्रायसिस कमी येतात. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचं असतं. अस्थिमज्जा बदलून आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोही गॅमाचं हिमोग्लोबिनच परत सुरू करतो. खर्च मात्र कोटींच्या घरात आहे.

घरची काळजी तेवढीच महत्त्वाची. पाणी कमी पडलं की पेशीत हिमोग्लोबिन दाट होतं आणि काड्या लवकर बनतात. म्हणून भरपूर पाणी प्यायचं. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी तर जास्तच. गार पाण्याने अंघोळ, कडाक्याची थंडी, अंगमोड कष्ट टाळायचे. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, अचानक हात-पाय लुळा पडला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. लहान मुलाच्या लसी चुकवायच्या नाहीत.

आश्रमशाळेतल्या शिक्षकांनीही लक्ष द्यावं. या मुलांना तहान जास्त लागते आणि लघवीलाही वारंवार जावं लागतं. ते नाटक नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, वर्गातून उठू द्यावं. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मोडतो. पात्र पेशंटना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

होळी झाली की गावोगावी लग्नं जमायला लागतात. देणंघेणं, मानपान, जेवणावळ, सगळं आधी बोललं जातं. त्याच बैठकीत दोन्हीकडचे सिकलसेलचे रिपोर्टही समोर ठेवता येतील. दोघंही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचाच, पण तो माहिती घेऊन होईल. लग्न झालं असेल, तर दिवस राहण्याआधी, किंवा राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच, डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. रिपोर्ट लपवला, तर त्याची किंमत पुढे एखादं लेकरू थंडीच्या रात्री हाडं धरून रडत मोजतं.